बल्ज (इंग्रजी शब्द)

बल्ज हा इंग्रजी भाषेतील एक शब्द असून तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. एखाद्या सपाट किंवा नियमित पृष्ठभागाचा काही भाग आतील दाबामुळे, भरावामुळे किंवा रचनेमुळे गोलसर आकारात बाहेर येणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीत त्याला फुगवटा, फुगीरपणा, फुगारा, उंचवटा असे प्रतिशब्द संदर्भानुसार वापरले जातात. 'बल्जिंग' हे त्याचे धातुसाधित रूप 'फुगलेला', 'फुगीर' किंवा 'बाहेर आलेला' या अर्थाने येते. भूगोल, खगोलशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी, लोकसंख्याशास्त्र आणि युद्धशास्त्र यांमध्ये या शब्दाला स्वतंत्र पारिभाषिक अर्थ प्राप्त झाले आहेत.

मराठीतील 'फुगवटा' या शब्दाची व्याप्ती 'बल्ज'पेक्षा वेगळी आहे. धरणाच्या वरच्या बाजूस साठून मागे सरकलेले पाणी आणि चलनाची अतिरिक्त वाढ या दोन्ही गोष्टींना मराठीत फुगवटा म्हणतात. इंग्रजीत मात्र त्यांना 'बल्ज' म्हणत नाहीत. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर आणि त्याच्या परिसरात द्राक्षशेती, सिंचन आणि विमाननिर्मिती या तीन क्षेत्रांमुळे या शब्दकुळाचे वेगवेगळे अर्थ एकाच ठिकाणी वापरात आढळतात.

व्युत्पत्ती

'बल्ज' या शब्दाचा मूळ अर्थ फुगवटा असा नसून पिशवी असा होता. प्राचीन गॉल प्रदेशात, म्हणजे आजच्या फ्रान्स व त्यालगतच्या भागात, बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषेत 'बुल्गा' म्हणजे चामड्याची पिशवी. हा शब्द लॅटिन भाषेने उचलला. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील रोमन कवी ल्युसिलियस याच्या लेखनात तो आढळतो. गॉल लोक चामड्याच्या लहान पिशव्यांना 'बुल्गा' म्हणतात, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराने केली आहे. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये 'बूज' किंवा 'बूल्ज' या रूपांत गेला आणि नॉर्मन विजयानंतरच्या काळात, सुमारे इ.स. १२०० च्या सुमारास, इंग्रजीत आला. त्या वेळी इंग्रजीतही त्याचा अर्थ थैली किंवा पिशवी असाच होता.

भरलेली पिशवी मध्यभागी गोलसर फुगते. या दृश्यावरून शब्दाचा अर्थ वस्तूकडून तिच्या आकाराकडे सरकला. 'गोलसर बाहेर आलेला भाग' हा आजचा अर्थ सतराव्या शतकात, १६२० च्या दशकापासून नोंदला गेला आहे, तर 'बाहेर येणे, फुगणे' या अर्थाचे क्रियापद त्याच शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. जहाजाच्या तळाच्या फुगीर भागाला इंग्रजीत 'बिल्ज' म्हणतात. हा शब्द 'बल्ज'चेच नाविकांच्या तोंडी बदललेले रूप असावे, असे मानले जाते.

भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ आदिम भारत-युरोपीय भाषेतील 'फुगणे' या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. त्याच धातूपासून निघालेले पुढील शब्द विविध भाषांत आढळतात:

• आयरिश भाषेतील 'बोल्ग', म्हणजे पोट किंवा पिशवी.
• जर्मन भाषेतील 'बाल्ग', म्हणजे प्राण्याचे सोललेले कातडे, तसेच भाता.
• इंग्रजीतील 'बेली' (पोट) आणि 'बेलोज' (लोहाराचा भाता). जुन्या इंग्रजीत हे दोन्ही अर्थ पिशवी या अर्थाच्या एकाच शब्दातून निघाले.
• इंग्रजीतील 'बिलो' (मोठी लाट), जो जुन्या नॉर्स भाषेतून आला.
• इंग्रजीतील 'बोल्स्टर' (लोड, तक्क्या).
• संस्कृतमधील 'उपबर्हण' (उशी) आणि 'बर्हिस्' (यज्ञात आसन म्हणून पसरले जाणारे दर्भ). अवेस्ता भाषेतील उशी या अर्थाचा शब्दही याच कुळातील आहे.

लोड, उशी, भाता, पोट आणि थैली या वस्तू वरवर पाहता एकमेकींपासून दूरच्या आहेत. परंतु आवरणाच्या आत काहीतरी भरले जाऊन ते आवरण ताणले जाणे, ही कल्पना सर्वांत समान आहे.

अंदाजपत्रकाशी नाते

भारतीय भाषांत सर्वपरिचित असलेला 'बजेट' हा शब्द 'बल्ज'चा जवळचा नातेवाईक आहे. जुन्या फ्रेंचमधील 'बूज' या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप 'बूजेत', म्हणजे लहान चामडी थैली. त्यापासून पंधराव्या शतकात इंग्रजीतील 'बजेट' तयार झाला. अठराव्या शतकात, १७३० च्या दशकात, अर्थव्यवहार पाहणारा मंत्री संसदेत आपली थैली उघडतो, म्हणजे वर्षाचे हिशेब व कर यांचे प्रस्ताव मांडतो, अशा अर्थाने हा शब्द इंग्लंडच्या राजकारणात रूढ झाला. पुढे थैली मागे पडली आणि तिच्यातील कागदांना 'बजेट' हे नाव चिकटले.

भारतात ब्रिटिश राजवटीतील पहिले अंदाजपत्रक १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी सादर केले. अंदाजपत्रकाच्या दिवशी अर्थमंत्र्यांनी चामड्याची बॅग घेऊन संसदेत येण्याची प्रथा स्वतंत्र भारतातही दीर्घकाळ चालू राहिली. जुलै २०१९ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याऐवजी लाल कापडात बांधलेली वहीखात्याच्या धर्तीची कागदपत्रे आणली आणि २०२१ पासून टॅबलेटचा वापर सुरू झाला. शब्दाच्या मुळाशी असलेली चामडी थैली अशा रीतीने प्रत्यक्ष व्यवहारातूनही बाजूला झाली.

अर्थाने जवळचे इतर इंग्रजी शब्द

फुगणे किंवा बाहेर येणे या अर्थाचे अनेक शब्द इंग्रजीत आहेत. त्यांची मुळे पाहिल्यास प्रत्येकातील मूळ प्रतिमा निराळी असल्याचे दिसते.

• 'प्रोट्यूबरन्स': लॅटिनमधील 'ट्यूबर' (गाठ, सूज) या शब्दापासून. बटाट्यासारख्या कंदांसाठी वापरला जाणारा 'ट्यूबर' हा शब्द तोच.
• 'प्रोट्रूजन': 'पुढे ढकलणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून. यात फुगण्यापेक्षा पुढे येण्यावर भर आहे.
• 'ट्यूमर': 'सुजणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून. आता तो मुख्यतः गाठ या वैद्यकीय अर्थाने वापरतात.
• 'गिबस': लॅटिनमधील कुबड या अर्थाच्या शब्दापासून. अर्ध्याहून अधिक प्रकाशित पण अपूर्ण चंद्रबिंबासाठी हा शब्द वापरतात.
• 'इन्फ्लेशन': 'आत फुंकणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून. फुग्यात हवा भरणे आणि चलनवाढ हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.
• 'कॉन्व्हेक्स': भूमितीतील व प्रकाशशास्त्रातील पारिभाषिक शब्द. मराठीत त्याला बहिर्वक्र म्हणतात.

मराठी प्रतिशब्द

मराठीत या अर्थाचे मुख्य क्रियापद 'फुगणे' हे आहे. त्यापासून फुगा, फुगीर, फुगारा, फुगवणे, फुगवण आणि फुगवटा हे शब्द तयार झाले. 'फुगवटा' या शब्दाची घडण 'उंचवटा' या शब्दासारखी आहे. उंचवटा म्हणजे सभोवतालच्या जमिनीपेक्षा उंच भाग. फुगवटा म्हणजे फुगल्यामुळे वर किंवा बाहेर आलेला भाग. यांतील पहिला शब्द केवळ आकार सांगतो, तर दुसरा त्या आकारामागील क्रियाही सूचित करतो.

मार लागून डोक्यावर आलेल्या फुगवट्याला टेंगूळ म्हणतात. डोळे, थेंब, मोती किंवा द्राक्षे गोलसर व भरदार असली तर त्यांना टपोरी म्हणतात आणि या विशेषणात कौतुकाची छटा असते. पोट पुढे येण्याला 'पोट सुटणे' म्हणतात. संस्कृतमध्ये मोठ्या पोटाच्या व्यक्तीस 'तुंदिल' ही संज्ञा आहे, तर गणपतीचे 'लंबोदर' हे नाव सर्वपरिचित आहे.

लाक्षणिक अर्थाने 'फुगणे' मराठीत बहुधा नापसंती दर्शवते. रुसून अबोला धरण्याला 'फुगून बसणे', नसलेले महत्त्व दाखवण्याला 'फुशारकी', तर वास्तवाहून मोठे करून सांगण्याला 'फुगवून सांगणे' असे म्हणतात. हिशेबातील वाढवलेल्या रकमांना 'फुगवलेले आकडे' आणि परीक्षांतील सैल गुणदानाला 'गुणांचा फुगवटा' असे वृत्तपत्रीय मराठीत म्हटले जाते. इसापनीतीतील बैलाएवढे होण्यासाठी फुगणाऱ्या बेडकीची गोष्ट याच छटेची आहे. याउलट स्वयंपाकघरात फुगणे हे यशाचे लक्षण आहे. पुरी, फुलका व भाकरी फुगण्यामागे पिठातील पाण्याची झालेली वाफ असते. दोन्ही पापुद्रे शेकून घट्ट झाले असतील आणि कडेला छिद्र नसेल, तरच ती वाफ आत कोंडून राहते.

शास्त्रीय व पारिभाषिक अर्थ

भूगोल व खगोलशास्त्र

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्तावर ती किंचित फुगीर आहे. यास विषुववृत्तीय फुगवटा म्हणतात. पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १२,७५६ किमी, तर ध्रुवीय व्यास सुमारे १२,७१४ किमी आहे. आयझॅक न्यूटन याने १६८७ मध्ये गणिताने हा निष्कर्ष मांडला होता. १७३० च्या दशकात फ्रान्सने दक्षिण अमेरिकेतील विषुववृत्तीय प्रदेशात व उत्तरेस लॅपलंडमध्ये पाठवलेल्या मोजणी पथकांनी त्याला पुष्टी दिली. या फुगवट्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेले शिखर एव्हरेस्ट नसून इक्वेडोरमधील चिंबोराझो हे आहे.

चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राच्या पाण्याला येणाऱ्या फुगवट्यातून भरती निर्माण होते. दीर्घिकांच्या अभ्यासात 'बल्ज' ही संज्ञा सर्पिलाकार दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या, ताऱ्यांनी दाट भरलेल्या फुगीर भागासाठी वापरतात. आपल्या आकाशगंगेलाही असा मध्यवर्ती फुगवटा आहे.

वैद्यक

सामान्य वाचकाचा 'बल्ज' या शब्दाशी संबंध अनेकदा पाठीच्या कण्याच्या एमआरआय तपासणीच्या अहवालातून येतो. दोन मणक्यांमधील चकती आपल्या नेहमीच्या कडेच्या बाहेर आल्यास अहवालात 'डिस्क बल्ज' असे लिहिले जाते. चकतीच्या परिघाच्या एक चतुर्थांशाहून अधिक भागात ती बाहेर पसरलेली असेल, तर तिला 'बल्ज' म्हणतात. त्याहून कमी भागात, एका ठिकाणी चकतीतील द्रव्य बाहेर आले असेल, तर 'हर्निएशन' ही संज्ञा वापरतात. बोलीत या दोन्हींना 'गादी सरकली' असे म्हटले जात असल्याने रुग्णाचा गैरसमज होण्याचा संभव असतो.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तींमध्येही चकतीचा फुगवटा मोठ्या प्रमाणात आढळतो. विशीतील व्यक्तींत त्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर ऐंशीच्या वयात सुमारे ८४ टक्के होते. त्यामुळे अहवालातील हा शब्द स्वतः रोगाचे निदान ठरत नाही. रुग्णाची लक्षणे व प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी जुळवूनच त्याचा अर्थ लावला जातो.

युद्धशास्त्र

शत्रूच्या प्रदेशात घुसलेला आघाडीचा भाग नकाशावर फुगवट्यासारखा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियम व लक्झेंबर्गमधील आर्देन प्रदेशात केलेल्या चढाईमुळे दोस्त राष्ट्रांची आघाडी आत ढकलली गेली. जानेवारी १९४५ अखेरपर्यंत चाललेली ही लढाई 'बॅटल ऑफ द बल्ज' या नावाने ओळखली जाते.

लोकसंख्याशास्त्र व अर्थशास्त्र

लोकसंख्येच्या वयोगटांच्या आलेखात तरुणांचे प्रमाण विशेष मोठे असल्यास त्यास 'यूथ बल्ज', म्हणजे तरुणांचा फुगवटा, म्हणतात. अर्थशास्त्रातील 'इन्फ्लेशन'साठी मराठीत चलनवाढ व चलनफुगवटा हे दोन्ही शब्द आहेत. बाजारातील वस्तूंच्या तुलनेत पैसा वाढल्याने भाव चढतात, हे कारण या शब्दांतच अंतर्भूत आहे. 'महागाई' हा शब्द केवळ परिणाम सांगतो.

ओझर परिसरातील वापर

ओझर हे निफाड तालुक्यातील बाणगंगा नदीकाठचे, मुंबई–आग्रा महामार्गावरील गाव आहे. येथील विमान कारखान्यामुळे त्याचा उल्लेख 'ओझर मिग' असाही केला जातो.

द्राक्षमण्यांची फुगवण

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा आरंभ करण्याचे श्रेय ओझर येथील रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांना दिले जाते. त्यांनी १९२५ मध्ये येथे द्राक्षाची लागवड केली. द्राक्ष बागायतदारांच्या भाषेत मण्याचा आकार वाढण्याच्या क्रियेला 'फुगवण' म्हणतात. फुगवटा हा झालेला परिणाम, तर फुगवण ही चालू असलेली क्रिया, असा फरक या दोन शब्दांत आहे.

ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर फुलोरा व मणी धरण्याची अवस्था येते. मणी धरल्यावर प्रथम त्यातील पेशींची संख्या वेगाने वाढते, नंतर वाढ काही काळ मंदावते आणि शेवटी मणी मऊ पडून त्यात साखर व पाणी भरू लागते. या शेवटच्या टप्प्याला 'मण्यात पाणी उतरणे' असे म्हणतात. बियांच्या जातींत मणी वाढवणारी संप्रेरके बियांपासून मिळतात. थॉम्पसन सीडलेस, सोनाका किंवा तास-ए-गणेश अशा बिनबियांच्या जातींत हा पुरवठा अपुरा असल्याने मणी मुळात लहान राहतात. म्हणून जिबरेलिक आम्लाच्या (बागायतदारांच्या भाषेत 'जीए') द्रावणात घड बुडवणे किंवा त्याची फवारणी करणे, विरळणी करून घडातील मण्यांची संख्या मर्यादित ठेवणे, असे उपाय योजले जातात. जिबरेलिन गटातील द्रव्यांचा शोध जपानमध्ये भातरोपे अवाजवी उंच करणाऱ्या एका बुरशीच्या अभ्यासातून लागला.

मण्याचा व्यास हा निर्यातीच्या प्रतवारीचा एक मुख्य निकष असल्याने फुगवणीवर बागेचे उत्पन्न अवलंबून असते. मात्र फुगवणीला नैसर्गिक मर्यादा आहेत. निफाड तालुक्यात हिवाळ्यात तापमान बरेच खाली जाते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदलेले किमान तापमान अनेकदा राज्यातील सर्वांत कमी तापमानांपैकी असते. अशा थंडीत मण्यांची वाढ मंदावते. याउलट मण्यात पाणी उतरल्यानंतर अवकाळी पाऊस झाल्यास मणी जास्त पाणी शोषून घेतो, आतील दाब वाढतो आणि साल ताण सहन न होऊन मणी तडकतो. तडकलेल्या मण्यावर बुरशी वाढते आणि अख्खा घड विक्रीयोग्य राहत नाही. वाढनियंत्रकांच्या वापरालाही मर्यादा आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश अनुज्ञेय पातळीपेक्षा अधिक आढळल्याने युरोपीय बाजारपेठेत भारतीय द्राक्षे अडकून पडली आणि निर्यातदार व बागायतदार यांचे मोठे नुकसान झाले.

पाण्याचा फुगवटा

जलसंपदा व महसूल व्यवहारातील मराठीत 'धरणाचा फुगवटा' म्हणजे धरणाच्या वरच्या बाजूस नदीच्या पात्रात मागेपर्यंत पसरलेले पाणी. इंग्रजीत त्यास 'बॅकवॉटर' म्हणतात. बांधामुळे प्रवाहाचा वेग कमी होतो व पाण्याची पातळी वाढते. ही वाढलेली पातळी बांधाच्या माथ्याशी समतल रेषेत थांबत नाही. प्रवाह चालू असताना पाण्याचा पृष्ठभाग वरच्या बाजूस हलका चढ घेत जातो. त्यामुळे पुराच्या काळात फुगवट्याचा परिणाम स्थिर साठ्याच्या सीमेपलीकडेही जाणवतो. संथ झालेल्या पाण्यातील गाळ तळाशी बसतो, पात्र उथळ होते आणि तेवढ्याच विसर्गाला पाणी पूर्वीपेक्षा अधिक उंची गाठते.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला बंधारा हे याचे ठळक उदाहरण आहे. येथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी खालच्या भागातील शेतीला पाणी मिळते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात शतकभर साचलेल्या गाळामुळे उथळ पाणी, पाणवनस्पती व चिखलाची बेटे तयार झाली. तेथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने येतात. १९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये तो रामसर पाणथळ स्थळ म्हणून घोषित झाला. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ होय.

ज्या गाळाने पक्ष्यांना आश्रय दिला, तोच काठावरील गावांच्या दृष्टीने चिंतेचा विषय आहे. वरच्या बाजूस असलेल्या सायखेडा व चांदोरी या गावांत ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील गोदावरीच्या पुरांत मोठ्या प्रमाणावर पाणी शिरले. गाळ काढावा तर पाणथळ अधिवास बाधित होतो आणि तो राहू द्यावा तर पुराची पातळी वाढते, असा पेच त्यामुळे निर्माण झाला आहे.

लहान प्रमाणावरील फुगवटा मात्र उपयोगी ठरू शकतो, हे ओझरमध्ये दिसून आले. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकास असलेल्या ओझरच्या शेतांपर्यंत पुरेसे पोहोचत नसे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या नेतृत्वाखाली, येथे महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. संस्थांनी शासनाकडून पाणी मोजून घेऊन सभासदांना वाटण्याची पद्धत सुरू केली. ओढ्यांवर बंधारे बांधून त्यांत पाणी अडवण्यात आले. बंधाऱ्यामागे साठलेले पाणी जमिनीत मुरून विहिरींची पातळी वाढली आणि कालवा व विहीर यांच्या पाण्याचा एकत्रित वापर शक्य झाला. पुढे वाघाड प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. महाराष्ट्रात २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा कायदा संमत झाला, त्याच्या चर्चेत ओझरचा अनुभव वारंवार उद्धृत केला जातो.

विमानांच्या रचनेतील फुगवटा

ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. यशवंतराव चव्हाण त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते आणि ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. या कारखान्यात सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ व नंतर मिग-२७, तर एकविसाव्या शतकात सुखोई-३० एमकेआय या विमानांची निर्मिती झाली.

विमानाचे अंग हवेचा विरोध कमी होण्यासाठी शक्य तितके निमुळते ठेवतात, परंतु आत सामावायच्या वस्तू वाढल्या की त्यास फुगवटे द्यावे लागतात. मिग-२१ च्या आवृत्त्यांमधून हे स्पष्ट दिसते. आरंभीच्या सडपातळ रचनेनंतर मोठ्या आकाराची चाके बसवण्यासाठी पंखांच्या मुळाशी, विमानाच्या अंगावर फुगवटे देण्यात आले. पुढील आवृत्त्यांत वैमानिकाच्या कक्षामागून शेपटीकडे जाणारा कणा इंधन व उपकरणांसाठी अधिक उंच व रुंद झाला. ओझर येथे तयार झालेल्या मिग-२१ एफएल आणि मिग-२१ बिस या आवृत्त्या शेजारी ठेवल्यास हा फरक नजरेत भरतो. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली.

रचनेचा भाग असलेला फुगवटा आणि दोष म्हणून आलेला फुगवटा यांत अभियंते काटेकोर भेद करतात. आराखड्यात नसलेला फुगवटा हा धोक्याचा संकेत मानला जातो. टायरच्या बाजूस आलेला फुगवटा आतील धागे तुटल्याचे, मोबाइलच्या बॅटरीचा फुगवटा आत वायू साठल्याचे, डबाबंद अन्नाच्या डब्याचा फुगवटा जिवाणूंमुळे वायू निर्माण झाल्याचे, तर भिंतीचा फुगवटा तिच्यामागील माती किंवा पाण्याचा दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. अशा वस्तू वापरातून काढणे किंवा त्यांची तातडीने तपासणी करणे आवश्यक असते.

भाषांतरातील भेद

'बल्ज' आणि 'फुगवटा' हे शब्द सर्वत्र एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. भूसंपादनाच्या किंवा पूररेषेच्या कागदपत्रांतील 'फुगवटा क्षेत्र' या संज्ञेचे इंग्रजी रूपांतर 'बॅकवॉटर'शी संबंधित शब्दाने करावे लागते. 'बल्ज' वापरल्यास अर्थच उरत नाही. तसेच एमआरआय अहवालातील 'बल्ज'साठी 'गाठ' किंवा 'सूज' हे शब्द वापरल्यास रुग्णाच्या मनात वेगळ्याच आजाराची शंका येऊ शकते. तेथे 'चकतीचा फुगवटा' हा शब्दप्रयोग अधिक अचूक ठरतो. द्राक्षशेतीतील 'फुगवण' हा शब्द वाढीची क्रिया दर्शवत असल्याने त्याला 'बल्ज' हा प्रतिशब्द लागू होत नाही. दोन्ही भाषांतील या शब्दांचे मूळ चित्र मात्र समान आहे: आत काहीतरी भरले आहे आणि आवरण ते धरून आहे. आवरण किती धरू शकेल, यावर तो फुगवटा समृद्धीचा की संकटाचा हे ठरते.

हे सुद्धा पहा

• ओझर
• नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य
• चलनवाढ
• अर्थसंकल्प
• द्राक्ष
• मिग-२१